सरिताची रविवारची पत्रं

सरिता रविवारी सकाळी दहा वाजता लॅपटॉप उघडून बसायची. त्या वेळी लेक कारखान्याचं काम करत नसते, हे तिच्या आईला, यमुताईंना, चांगलं ठाऊक होतं. पण सदतीस वर्षांच्या लेकीला कोणीतरी पत्र लिहितं आणि लेक त्याला उत्तर देते, एवढं कळल्यावर त्या माउलीने पुढचं विचारलंच नाही. विचारलं आणि मोडलं तर काय घ्या!

सरिता बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात तपासणीचं काम करायची. खालून दिवे लावलेल्या काचेवरून कापड सरकत जातं. तुटलेला धागा, तेलाचा डाग दिसला की मशीन थांबवायची आणि तिथे लाल पट्टी चिकटवायची. सोळा वर्षं तिने हेच केलं. वडील धोंडबा लकवा होऊन नऊ वर्षं खाटेवर होते, मग गेले. धाकट्या भावाचं शिक्षण झालं, मग त्याचं लग्न, मग त्याचं पुण्याला जाणं. या धबडग्यात स्थळं आली, परत गेली आणि शेवटी यायचीच थांबली. समाजाच्या वधू-वर मेळाव्याला ती एकदा गेली होती. मंचावर चढून माइकवर आपलं वय सांगायचं होतं. तिने ते सांगितल्यावर मंडपात जी कुजबुज झाली, ती ऐकून ती पुन्हा त्या वाटेला गेली नाही.

भावाने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर तिला लग्न जुळवणारी ती वेबसाइट सापडली. चांगली पंधरा वर्षं जुनी. मोबाइलवर उघडली तर निम्मी अक्षरं पडद्याबाहेर जायची. पण तिथे लिहायला ऐसपैस जागा होती, आणि समोरच्याचं उत्तर यायला आठवडा लागला तरी कोणाला त्याचं काही वाटायचं नाही.

कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्या नूपुरला मात्र याचं फार हसू यायचं. नूपुर सव्वीस वर्षांची, बेसा चौकातून चढायची आणि बुटीबोरी येईपर्यंत फोनवर बोट फिरवत राहायची.

"ताई, त्या वेबसाइटवर आता दोनच जण राहिले असतील. एक तुम्ही अन् एक चौकीदार."

"अन् तुझ्या ॲपवर काय असते?"

"फोटो येते. पसंत पडला तर उजवीकडे, नाही तर डावीकडे. बस."

"म्हणजे टमाटे निवडल्यासारखं."

"टमाटे तरी दाबून पाहता येते ना, ताई!"

दोघी हसायच्या. पण सरिताचं मत पक्कं होतं. जो माणूस खुर्चीवर बसून, कीबोर्डवर एकेक अक्षर शोधून पत्र लिहितो, तो फसवायला कशाला एवढे कष्ट घेईल? खोटं बोलायचं असेल तर दोन ओळी पुरतात. मोठं पत्र म्हणजे खरा माणूस, असा तिने हिशोब मांडला होता.

तो खरा माणूस म्हणजे धम्मानंद. एक्केचाळीस वर्षांचा, पहिलं लग्न मोडलेला, लकडगंजमधल्या एका सागवानाच्या दुकानात बिलं करायचा. सुरुवातीची त्याची पत्रं पानभर असायची. पुढे ती आखूड होत गेली, पण शेवटची ओळ ठरलेली. 'तुमच्या घरचं अजून काही सांगा ना.' सरिताला त्या ओळीचंच अप्रूप होतं. तिच्या घरचं ऐकायची इच्छा याआधी कोणाला झाली होती?

म्हणून तिने त्याला भिंतीबद्दल लिहिलं.

दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीला लाखो माणसं येतात. त्यांतली कितीतरी रामबागेतल्या सरिताच्या घरी जेवून जायची. ओळख नाही, पाळख नाही. धोंडबांचा दंडक होता की दारात आलेल्याला जात, गाव, काम काहीही आधी विचारायचं नाही. आधी पाण्याचा तांब्या, मग ताट. जेवून उठला की त्याचं नाव आणि गाव मात्र विचारायचं आणि ते समोरच्या खोलीतल्या भिंतीवर लिहायचं. त्या भिंतीला घरात कधी रंग दिला गेला नाही. सरिताने हे सगळं लिहिलं. आणि जे तिने भावालाही कधी बोलून दाखवलं नव्हतं, तेही लिहिलं. लकव्यानंतर बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा ते खाट भिंतीजवळ ओढून घ्यायला लावायचे आणि डाव्या हाताने नावं लिहायचे. अक्षरं लहान मुलासारखी वाकडीतिकडी यायची. लिहून झालं की ते सरिताकडे बघायचे, बरोबर आलं का म्हणून. ती दर वेळी म्हणायची, "बरोबर आलं, बाबा."

या पत्राचं उत्तर तीन दिवसांतच आलं. धम्मानंद पुढच्या रविवारी मोठ्या बहिणीला घेऊन घरी येणार होता. यमुताईंनी खाटेवर नवी चादर घातली आणि शेजारच्या इंदूबाईंकडून काचेचे कप मागून आणले.

त्याआधीच्या गुरुवारी नूपुरने बसमध्ये फोन तिच्यापुढे धरला.

"ताई, हा पाहा. सोमवारी फुटाळा तलावावर भेटून राहिलो आम्ही. चौतीसचा आहे. मी फोटोवर नाही फिसलली हं, याच्या लिहिण्यावर फिसलली."

फोटोत काळा चष्मा होता, मोटारसायकल होती. तरीही वेबसाइटवरच्या फोटोतल्या धम्मानंदला ओळखायला सरिताला वेळ लागला नाही. फोटोखाली लिहिलं होतं, 'आमच्या घरात एक भिंत आहे. तिला आम्ही कधी रंग देत नाही. आमच्याकडे जेवून गेलेल्या अनोळखी माणसांची नावं तिच्यावर आहेत.'

"अन् काल काय सांगितलं माहीत आहे?" नूपुर सांगतच होती. "त्याच्या बाबांना लकवा झाला होता म्हणे. तरी ते डाव्या हातानं नावं लिहायचे, अन् हा त्यांना म्हणायचा, बरोबर आलं बाबा. ताई, मी तर रडलीच."

सरिताने फोन परत दिला. खिडकीबाहेर मिहानच्या बाजूचा रस्ता पळत होता. एवढी वर्षं ती कापडातला एक तुटका धागा हातभर लांबून धरत आली होती. इथे उभ्या धाग्यांचा अख्खा ताणाच नव्हता आणि तिला ते दिसलं नव्हतं.

शनिवारी अर्धी सुटी टाकून ती लकडगंजला गेली. ताज्या कापलेल्या सागवानाच्या वासात धम्मानंद कॉम्प्युटरसमोर बसला होता. तिला पाहून तो उठून बाहेर आला.

"अरे, तुम्ही? उद्या तर आम्हीच येऊन राहिलो होतो."

"तुमच्या घरी भिंत आहे म्हणे."

तो हसला. ते हसणं तिला पत्रांत कधीच दिसलं नव्हतं.

"ते ॲपवरचं? अहो, तिथं सगळे तसंच करतात. दोन ओळींत माणूस पटवायचा असते. मले नाही जमत असं लिहायला. तुम्ही किती मस्त लिहिता! वेबसाइट खऱ्या कामासाठी असते, ॲप टाइमपाससाठी. लग्न तर मी तुमच्याशीच करून राहिलो ना?"

"मंग टाइमपाससाठी माझे बाबा काहून नेले?"

"नेले म्हणजे काय? काही चोरून नेलं का मी? तुम्हीच तर लिहून पाठवलं." त्याचा आवाज जरा चढला. "अन् लग्न झाल्यावर ते घर, ती भिंत माझीबी होणारच होती. चार महिने आधी सांगितली, एवढंच."

आत आरा सुरू झाला, म्हणून त्याला पुढचं ओरडून बोलावं लागलं. "एवढ्याशासाठी मोडू नका. सदतीस वर्षांत दुसरं कोण आलं होतं हो?"

"उद्या येऊ नका," सरिता म्हणाली. ते त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण तिने ते दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

घरी आल्यावर तिने चपलाही न काढता सांगून टाकलं. "माय, उद्या कोणी येणार नाही."

"काहून वं? त्यायची तारीख बदलली का?"

"नाही. मीच नको म्हटलं."

यमुताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ त्या नव्या चादरीवरून हात फिरवत राहिल्या. "आपल्या दारातून आजवर कोणाले नको नाही म्हटलं गेलं," त्या म्हणाल्या.

"हो ना, माय. म्हणूनच तर तो कोण आहे ते मी आधी विचारलं नाही."

रविवारी सकाळी तिने नूपुरला फोन केला आणि काही न वगळता सांगितलं. पलीकडून एक ठसकेबाज शिवी आली.

"थांबा ताई, एक मिनिट. हं. केला ब्लॉक. गेला तो. तुम्हीबी त्या वेबसाइटवरून सगळं काढून टाका."

सरिताने लॅपटॉप उघडला. ती साइट लवकर सोडत नव्हती. आधी पासवर्ड मागितला, मग जाण्याचं कारण, मग पुन्हा पासवर्ड. शेवटी तिची एकोणचाळीस पत्रं एकाखाली एक लागली. तिने सगळ्यांवर खूण केली आणि 'काढून टाका'वर दाबलं. एक चौकट उघडली.

'हा मजकूर फक्त तुमच्या खात्यातून काढला जाईल. ज्यांना पाठवला त्यांच्याकडे तो राहील.'

तिने ते दोनदा वाचलं. बाबांच्या डाव्या हाताबद्दल तिने दुसरीकडे कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. आता इथून काढलं, तर तो लिहिलेला मजकूर एकट्या धम्मानंदकडे उरणार होता, हवा तिथे, हवा तसा वापरायला.

तिने 'रद्द करा' दाबलं. मग पहिल्या पत्रापासून वाचायला घेतलं, एखाद्या दुसऱ्याच बाईने लिहिलेलं वाचावं तसं.