सर्वानुमते, एक वगळून

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावची विहीर तळाला गेली. मी तेव्हा श्रीरामपूरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचो. राज्य लोकांच्या संमतीवर चालतं, कुणाच्या श्रद्धेवर त्याने जबरदस्ती करू नये, असं सांगणाऱ्या एका जुन्या इंग्रज तत्त्वज्ञावर माझा फार जीव होता. रोज संध्याकाळी मी ते शेजारच्या ख्रिस्ती मास्तरांना ऐकवायचो. मास्तर गावच्या शाळेत होते, माझ्याहून वडील.

"जो गप्प बसला त्याची संमती कशी धरायची, प्रोफेसर?"

"नुसता राज्याच्या रस्त्याने चालला तरी त्याची मूक संमती, असं तो म्हणतो."

"मग आमच्या म्हशीचीबी धरा!"

ग्रामसभेत ठरलं, दर रविवारी सकाळी घरटी एकाने विहिरीचा गाळ काढायचा. मास्तर उठले. "काम आमीबी करू. पण रविवारी सकाळी आमची प्रार्थना असती. आमची आळी दुपारी येईल. ते जमत नसंल तर माझा विरोध लिवा."

"मास्तर, देवाला एक दिस रजा द्या की!" सरपंच म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

ग्रामसेवक आजारी, म्हणून वही माझ्याकडे होती. आमच्या गावात प्रत्येक ठराव 'सर्वानुमते मंजूर' असाच लिहायचा रिवाज. विरोध लिहिला तर तालुक्याला गावात फूट दिसते. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तसंच लिहिलं.

रविवारी सकाळी तालुक्याचे साहेब पाहणीला आले. ख्रिस्ती आळीतलं कुणी नव्हतं. साहेबांनी वही वाचली आणि मास्तरांना बोलावून घेतलं.

"शिकलेले तुम्ही. सभेत हो म्हणता आणि माणसं पाठवत नाही?"

मास्तरांनी वहीतलं अक्षर पाहिलं, मग मला. "वहीत हाय म्हंजे तसंच असंल, साहेब."

मी तोंड उघडलं नाही. दुपारी त्यांची आळी आली आणि अंधार पडेपर्यंत गाळ काढत राहिली. घरी जाताना मास्तरांनी हाक मारली, "प्रोफेसर, चहा हाय." पुढे कित्येक वर्षं मी तो चहा पीत राहिलो. त्यांनी विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. आता ते नाहीत.

तो ठराव सर्वानुमते नव्हता. एकाचा विरोध होता, उभं राहून, मोठ्याने. मला ऐकू आलं नाही असंही म्हणता येत नाही. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो.