कोठीतल्या गोळ्या

कौलारू घर पाडून नवं स्लॅबचं घर बांधलं तेव्हा सासऱ्यांना सगळ्यात जास्त कौतुक होतं सरकत्या काचांच्या खिडक्यांचं. थंडीत आमच्या गावाला, गुंजवण्याला, वारं लई झोंबतं, म्हणून आम्ही त्या गच्च लावून घ्यायचो. सुगी झाली की इंद्रायणी तांदळाची पत्र्याची कोठी आतल्या खोलीत जायची. त्याच खोलीत माझ्या दोन्ही मुली झोपायच्या.

त्या हिवाळ्यात उठल्या उठल्या दोघींचं डोकं दुखायला लागलं. धाकटी तर चहा घेतला की ओकायची. दुपारपर्यंत दोघी बऱ्या. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारीण म्हणाली, शाळा बुडवायची सोंगं. मला पटेना. रविवारीही डोकं दुखायचंच.

एका सकाळी अंथरुणं काढताना लसणासारखा वास आला. घरात दोन दिवस लसूण सोललेला नव्हता. कोठीपाशी वास जास्तच होता. सासऱ्यांना मी मामा म्हणते. विचारलं, "मामा, कोठीत काय टाकलंय?"

"किड्याच्या गोळ्या. दरसाली टाकतो."

मुलींना घेऊन मी वेल्ह्याची एसटी धरली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "त्या गोळ्यांतून विषारी वायू सुटतो. जुन्या कौलारू घरात तो निघून जात असेल, बंद स्लॅबच्या घरात कोंडतो. तिथं कुणीही झोपायचं नाही. घरी गेल्या गेल्या दारं-खिडक्या उघडा, कोठीला हात लावू नका." मुलींना त्यांनी दुपारपर्यंत ठेवून घेतलं.

घरी येऊन मी आधी खिडक्या उघडल्या. मग अंथरुणं पडवीत आणली.

"हयातभर टाकतोय," मामा म्हणाले. "कोन मेलं का?"

"मरायची वाट बघायची का मामा?"

या घरात मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. नवरा शिरवळला कंपनीत होता. त्यानं फोनवर सांगितलं, जरा सबुरीनं घे. घेतलं नाही. पडवीतच तीन दगडांची चूल मांडली आणि म्हटलं, कोठी घराबाहेर जाईस्तोवर स्वयंपाक हितंच, झोप हितंच. येणारे-जाणारे थांबून बघत. मी भाकऱ्या थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. बराच वेळ काटक्या सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजंबी डोकं धरतंय गं. म्या कुनाला बोलले न्हाई." आणि आपली वाकळ उचलून त्याही पडवीत आल्या.

मामा दोन दिवस एकटेच आत जेवले. चौथ्या दिवशी, डॉक्टरीणबाईंनी फोनवर हो म्हटल्यावर, त्यांनी दोन गडी आणून कोठी खळ्याकडच्या पत्र्याच्या शेडात नेली. चुकलं असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणवून घेतलं नाही. आठवड्यात मुलींची डोकी दुखायची थांबली.

आता तांदूळ कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवतो. थोडे किडे होतात, ते पाखडून काढते. आणि गावात कुणाच्या घरी हळदी-कुंकवाला गेले की विचारते, कोठी कुठं ठेवलीय, आत काय टाकलंय. काहींना राग येतो. एकीनं तोंडावर सांगितलं, वाण घ्या आणि निघा. वाण घेतलं, आणि तिच्या झोपायच्या खोलीत डोकावूनच निघाले.