पहिला घोट

सुरतेत, भेस्तानच्या चहाच्या लारीवर तो भेटायचा. फौजेत स्नायपर होता, आता साड्यांच्या मिलमध्ये वॉचमन. रोज वेगळ्याच वेळी यायचा, वेगळ्याच बाकड्यावर बसायचा. मला वाटायचं, माणूस लहरी आहे.

मी बँकेतला कारकून, रायफल क्लबात नेमबाजी करायचो. मेडल मिळालं तेव्हा भोकं पडलेला निशाण्याचा कागद मी त्याला कौतुकाने दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला.

"नेम माझ्यापेक्षा चांगलाय तुमचा, भाऊ. पण कागदाला सवयी नसतात. आम्हाला आधी माणूस पाठ करावा लागायचा. कधी उठतो, कधी हसतो. गोळी सगळ्यात शेवटी."

मी हसून कप तोंडाला लावला.

"पहिला घोट घेताना तुम्ही डोळे मिटता," तो हळूच म्हणाला. "मिटत जाऊ नका."