लांब इंचाची पट्टी

आमच्या डिलाईल रोडच्या घरात मोजायच्या दोन पट्ट्या होत्या. एक सगळ्यांची, एक आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील. परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये ते पॅटर्न बनवायचे. इंजिनाचा एखादा भाग लोखंडात ओतायचा तर तो आधी लाकडात घडवावा लागतो. तो पॅटर्न. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवतात आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरचे इंचच मुळात जरा लांब आखलेले असतात. नुसतं बघून कळत नाही. घरात मात्र कळायचं. आप्पांनी केलेला देव्हारा कोनाड्यात गेला नाही, मोरीचं दार चौकटीत बसलं नाही. आई म्हणायची, "यांचा फूट वेगळा, जगाचा वेगळा."

आप्पांना ध्यास होता तो जुन्या मेल इंजिनांचा. ती विलायतेत बनली, पेट्यांतून बोटीने आली आणि परळला जोडली गेली. पुढे चार छोटी चाकं, मागे चार उंच. उंच चाकं दोन्ही बाजूंना दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, म्हणून सगळी एका दमात फिरायची. सपाटीवर मेल गाडी न्यावी तर त्यांनीच. घाटाच्या पायथ्याशी त्यांना सोडवून दणकट इंजिनं लावायचे. पुढे डबे जड झाले, गाड्या लांबल्या. त्यांच्याकडून मेल गेली, पॅसेंजर आली, मग यार्डात डबे ढकलणं. एक तर शेवटी जागच्या जागी नुसती वाफ पुरवायला उभं होतं. आप्पा कामाला लागले तेव्हा उरलेली इंजिनं तुकडे व्हायला येत होती. त्यांचे पॅटर्नही भट्टीत गेले. एकही इंजिन कुणी ठेवलं नाही.

म्हणून निवृत्तीनंतर आप्पांनी जुन्या नकाशावरून त्याचं सागवानी मॉडेल करायला घेतलं. वर्षानुवर्षं ते आमच्या खाटेखाली वाढत होतं. केर काढताना मी त्याला शिव्या घातल्यात. मागच्या वर्षी एका छोट्या संग्रहालयाच्या बाई बघायला आल्या. त्यांना ते आवडलं. अट एकच : बटण दाबलं की चाकं फिरली पाहिजेत, मुलं त्यासाठीच येतात. आप्पा म्हणाले, "फिरणार नाय तर काय बसून राहणार?" त्यांचे हात तोवर इतके थरथरत होते की चहाची बशी मी धरायचे. मॉडेल संग्रहालयात गेलं की आपण सुटलो, असं ते मला रोज सांगायचे.

पितळी चाकं आणि दांडे लालबागच्या लेथवाल्याने नकाशातल्या मापाने करून दिले. मी ते बसवले, आप्पा खाटेवरून सांगत होते. दांडे लावले आणि चाकं अडकली.

"तेल सोड गो."

सोडलं. हलेनात.

"त्या लेथवाल्याला अक्कल नाय."

मी शिवणाची टेप आणली. दांडे बरोबर होते. लाकडी चौकटीतली आसांची भोकं एकमेकांपासून केसभर लांब पडली होती. सगळी चौकटच तशी होती, नाकापासून शेपटीपर्यंत. मी खिळ्यावरची त्यांची पट्टी काढली आणि टेपशेजारी ठेवली. त्यांनी दोन्हींवरचे इंच नखाने ताडून पाहिले. मग म्हणाले, "सवय गो. हातात तीच येते."

मी बाईंना फोन केला. त्या भल्या होत्या. म्हणाल्या, दांडे काढून टाका, चाकं सुटी फिरतील, कुणाला कळणार नाही. मी आप्पांना तसं सांगितलं.

"दांडे काढले तर ती मेल नाय, हातगाडी."

"मग राहू दे घरात. कपाटावर ठेवते."

"चुकलेला पॅटर्न ठेवत नाय गो. तिथल्या तिथे कापायचा. नायतर उद्या कोणतरी त्यावरून ओततो."

"आता कोण ओतणार आहे, आप्पा?"

"लोकं खरं समजतील."

नवी चौकट करायला त्यांच्याकडे हात नव्हते, माझ्याकडे विद्या नव्हती. दांडे लांब करून आणते म्हटलं तर म्हणाले, चुकीला चूक जोडायची नाय. सुतार बघते म्हटलं तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. महिनाभर तेच. जेवायला बसले की खाटेखाली बोट दाखवायचे. जेवण अर्धं राहायचं. शेवटी एका रविवारी मी करवत काढली. त्यांनी मॉडेल पाटावर कसं धरायचं ते सांगितलं, रेषा बोटाने दाखवली. सागवान कठीण असतं. दंड भरून आले. मधे एकदा मी थांबले तर म्हणाले, "पुरतं काप. अर्धं ठेवू नको."

पुरतं कापलं. ते त्या दिवशीही जेवले नाहीत.

दांडे खिडकीत आहेत. ते बरोबर मापाचे होते, त्यामुळे त्यांचं काय करायचं ते आप्पांनी सांगितलं नाही.