बारा सूर आणि शेजारची म्हैस

यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, उंद्रीतल्या आमच्या घराच्या ओसरीवर पाचशे एक रुपयांचा करार झाला. हजर तिघे: मी, माझी बायको आणि बासरीचे मास्तर. करार तोंडी होता, तरी मी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला. बासरीवर बारा सूर ओळीने, चढताना आणि उतरताना, एकही न फसता वाजले की त्या दिवशी मास्तरांना पाचशे एक द्यायचे. तोवर एक पैसाही नाही. अट मास्तरांचीच होती.

"महिन्याची फी घेतली का शिकणारा आळशी होते," ते म्हणाले, "अन् शिकवणाराबी."

मास्तर तीस वर्षं लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवत. डीजे आल्यावर बॅण्ड बसला आणि मास्तर बासरी शिकवू लागले. त्यांच्या शिकवण्यात भजन नाही, गाणं नाही. आधी 'क्रोमॅटिक'. हा बॅण्डवाल्यांचा शब्द. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या एकही न गाळता वाजवायच्या, तेच बासरीवर करायचं.

"पेटीवर लहान पोरगंबी करते. बोट ठेवलं का झालं. बासरीत बोट अर्धं ठेवा लागते, साहेब."

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मुख्य लिपिक आहे. वय बावन्न. बासरी शाळेत असताना शिकायची राहिली होती, ती आता शिकायला घेतली. हिशेब मला लगेच कळला. छिद्रं सहा, सूर बारा. त्यातले सात पूर्ण छिद्रांवर निघतात आणि पाच अर्ध्या छिद्रांवर. शुद्ध म्हणवणारा मध्यमसुद्धा अर्ध्यावरच निघतो, याचं मला आश्चर्य वाटलं. अर्धं म्हणजे किती, असं मी मास्तरांना विचारलं. "लागन तितकं," ते म्हणाले. हे उत्तर मला पटलं नाही. मी पट्टीने छिद्र मोजलं. नऊ मिलिमीटर भरलं. साडेचार मिलिमीटरवर बोटांना बॉलपेनने रेघा मारल्या आणि त्या रेघांप्रमाणे वाजवू लागलो.

रोज सकाळी सहा ते सहा चाळीस. मार्चच्या मध्यापर्यंत सा पासून प पर्यंतचे आठ सूर बसले. मग उरलेले चार घेतले: कोमल ध, शुद्ध ध, कोमल नी, शुद्ध नी. दोन रविवार मास्तरांनी ते ऐकले आणि मान डोलावली. आता बाराही सूर एका ओळीत वाजले की झालं, असं मला वाटू लागलं.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचा गोठा आणि आमची ओसरी यांच्यामध्ये एकच भिंत आहे. एक म्हैस, चार घरांचा रतीब, त्यातलं एक घर आमचं.

"भाऊजी, राग मानू नोका. तुमचं ते पी-पी सुरू झालं का माही म्हैस दूध चढवून घेते. आठ दिवस झाले, अर्धा लिटर कमी देऊन राह्यली."

"माझ्यामुळे कशावरून?"

"मंग काय माह्या भांडे घासण्यामुळं? वीस वर्षं घासून राह्यलो मी." आणि जाता जाता त्यांनी निकालही सांगितला. "अर्धा लिटर कमी हाय, त ते तुमच्याच घरचं कापतो. बाकीच्याईनं काय केलं?"

दुसऱ्या दिवशी बायकोने माझ्यापुढे कोरा चहा ठेवला.

"लोकं दारूपायी घरचं दूध बंद करतेत. तुम्ही फुकणीपायी केलं."

"ती बासरी आहे."

"चुलीपुढं फुकणी कामाची तरी असते. आठ दिवस देतो तुमाले. मंग एक तं ते बासरी राहीन, नाहीतं ह्या घरात चहा."

बायको असं बोलते तेव्हा आकडा पक्का असतो. वहिनींशी वीस वर्षांचा शेजार होता, तोही मोडायचा नव्हता. मी वहिनींना म्हटलं, आपण मोजू. सहा दिवस घ्यायचे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी वाजवणार. मंगळवार, गुरुवार, शनिवार गप्प बसणार. दूध मापाने मोजायचं आणि भिंतीवरून आकडा सांगायचा.

मंगळवार, गुरुवार, शनिवार: पावणेपाच लिटर. सोमवार, बुधवार: सव्वाचार. वहिनींचं म्हणणं खरं होतं. पण शुक्रवारी मी वाजवलं आणि तरीही पावणेपाच भरलं. हा आकडा मला बसेना. रात्री जेवताना आठवलं. शुक्रवारी मी पंचमापर्यंत पोचलो आणि कधी नव्हे तो भल्या सकाळी गॅसवाला सिलेंडर घेऊन आला. पुढचे चार सूर वाजलेच नव्हते.

म्हणजे म्हशीची तक्रार बासरीविरुद्ध नव्हती. त्या शेवटच्या चार सुरांपैकी कोणाविरुद्ध तरी होती. हे सांगितल्यावर बायकोने हात जोडले, पण मास्तरांना फोन करायला नाही म्हणाली नाही.

रविवारी सकाळी सहाला आम्ही सगळे गोठ्यात जमलो. वहिनी बादली घेऊन बसल्या. बायको दारात कोरा चहा हातात धरून उभी राहिली, मुद्दाम मला दिसेल असा. मास्तर स्टुलावर बसले, मी त्यांच्या उजव्या हाताला. ओसरीवरही मी दर रविवारी तिथेच बसत असे. डावीकडे खांब आहे.

पहिले आठ सूर म्हैस रवंथ करत होती. बादलीत दुधाची धार नीट पडत होती. मी कोमल ध लावला. म्हशीने रवंथ थांबवला, कान उभे केले आणि मान वळवून कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे तिची वगार, म्हणजे लहान पारडी, बांधलेली होती. मागचा पाय उचलला. धार बारीक झाली.

"पाहा!" वहिनी म्हणाल्या. "पाहा! भुकेजली का माही वगार अस्संच वरडते! हिले वाटते लेकरू उपाशी हाय, त्याच्यासाठी दूध राखून ठेवते!"

मी शुद्ध ध लावला. म्हशीला काही वाटलं नाही. दोन्ही निषादांवरही नाही. पुन्हा कोमल ध लावला. पुन्हा कान, पुन्हा पाय.

"सूर साफ हाय," मास्तर म्हणाले. "म्हशीले काय समजते?"

"तिले लेकराचा आवाज समजत नाही म्हणता?" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "मास्तर, बॅण्डमंदी तुमच्या उजव्या अंगाला कोण राहे?"

"ढोलवाला."

"तीस वर्षं ढोल त्याच कानात?"

मास्तरांनी उजव्या कानाला हात लावून पाहिला. मग स्टूल उचललं, वळून डावा कान माझ्याकडे करून बसले आणि म्हणाले, "लावा." मी कोमल ध लावला. मास्तरांचा चेहरा असा झाला की जणू तोंडात खडा आला.

"अरे बाप्पा! हे काय वाजवून राह्यले, साहेब? दोन हप्ते असंच वाजवलं? मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही मान डोलावत होता."

"मी तुमच्या बोटाकडं पाहत होतो! बोट बराबर दिसे!"

बोट बरोबर दिसत होतं, कारण रेघ बरोबर होती. सहाव्या छिद्रावरच्या माझ्या अनामिकेचं टोक जाड आहे. साडेचार मिलिमीटर दिसायला बरोबर, पण त्या बोटाला ते पुरत नव्हतं. मास्तरांनी उपरण्याने माझी रेघ पुसली आणि मला बोट उचलण्याऐवजी लोळवायला शिकवलं. किती, ते सांगितलं नाही. वहिनी म्हणाल्या, म्हैस सांगीन.

त्यानंतर अकरा सकाळी मी गोठ्यात बसून वाजवलं. बायकोने आठ दिवसांची मुदत म्हशीच्या निकालापर्यंत वाढवली. अशी परीक्षा मी कॉलेजातही पाहिलेली नाही. चूक झाली की परीक्षक मान वळवून बघायचा. पहिले चार दिवस रोज मान वळली. आठव्या दिवशी फक्त कान हलले. बाराव्या सकाळी मी सा पासून नी पर्यंत चढलो आणि तसाच खाली उतरलो. कोमल ध येताना एकदा, जाताना एकदा. म्हशीने रवंथ थांबवला नाही. पावणेपाच लिटर. बायकोने दुधाचा चहा केला आणि वहिनींनाही दिला.

पुढच्या रविवारी मास्तरांनी डाव्या कानाने सगळं ऐकलं आणि पाचशे एकसाठी हात पुढे केला.

वहिनींना मी कमी पडलेल्या दुधाचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. "माह्यापाशी नोका देऊ. जिनं शिकवलं, तिले द्या."

शेवटी दिले ते असे: मास्तरांना पाचशे एक रुपये, रोख. म्हशीला पाच किलो सरकीची ढेप, म्हणजे पेंड, तिचे दोनशे रुपये दुकानदाराला. बायकोने ढेपेचे पैसे फीमध्ये धरले. मीही कॅलेंडरवर तसंच लिहिलं.