शेजाऱ्यांचे देव

माझा जन्म इंग्लंडचा, पासपोर्ट इंग्लंडचा आणि चहात दूध आधी घालावं की नंतर यावर तावातावानं बोलायची सवयही तिथलीच. मराठी तेवढी आईची. तिनं घरात इंग्रजीला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, म्हणून मी आज हे लिहू शकतोय. आणि म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला आल्यापासून इथल्या मराठी मंडळींच्या तावडीतही सापडलोय. मराठी न कळणारा इंग्रज असतो तर निदान उन्हाळा तरी माझा मला मिळाला असता.

उन्हाळ्याबद्दलही एकदा बोलून घेतो. इंग्लंडात दोन दिवस ऊन पडलं की माणसं हिरवळीवर आडवी होऊन लालबुंद होतात, तिसऱ्या दिवशी पाऊस येतो आणि सगळे मिळून कुरकुर करतात. त्या कुरकुरीत मजा असते. इथे मे महिन्यापासून रोज तेच निळं आकाश. ऑफिसात कुणाला "आज हवा छान आहे" म्हटलं, तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहतो. हवेवर बोलायचं नाही, तर अनोळखी माणसाशी बोलायचं तरी कशावर? शिवाय माझ्या अपार्टमेंटला एसी नाही. आमच्या भाड्याचं बघणारी लीझिंग ऑफिसातली बाई म्हणते, इथे एसीची गरज पडत नाही. तिच्या ऑफिसात आहे.

तर अशा या उन्हाळ्यात शाळा सुटल्या, की आमच्या कॉम्प्लेक्समधली मराठी कुटुंबं भारतात जातात आणि मागे उरतो मी. सडाफटिंग. लग्न झालेल्यांचा असा ठाम समज असतो, की एकट्या माणसाकडे वेळच वेळ आहे. त्याला एअरपोर्टला सोडायला सांगावं, त्याच्याकडे चाव्या द्याव्यात, कढीपत्त्याची कुंडी त्याच्या बाल्कनीत आणून ठेवावी. हे सगळं मी आजवर निमूटपणे केलं. पण या जूनमध्ये वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी कमाल केली. त्यांनी देव आणून दिले.

वहिनी नागपूरच्या. नवरा, म्हणजे आमचे दादा, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कंपनीत, मुलगी दुसरीत. भावाचं लग्न आणि परत येण्यासाठी लागणारा व्हिसाचा शिक्का, अशी दोन्ही कामं उरकून पाच आठवड्यांत परत यायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी वहिनी दारात उभ्या. हातात ताम्हण, ताम्हणात मऊ कापडात गुंडाळलेले बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा. त्यांच्या आईनं लग्नात दिलेले.

"साहेब, एक काम होतं," त्या म्हणाल्या. इंग्लंडचा म्हणून मला सगळे साहेबच म्हणतात.

"वहिनी, मला पूजाबिजा येत नाही. आणि मी देव मानतही नाही."

"तू नको मानू. आंघोळ घाल, गंध लाव, दूध-साखर ठेव. पाच मिनिटांचं काम आहे रे. आणि तू कुठे जातोस? वीकेंडला घरीच तर असतोस."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. खरं होतं म्हणून तर फारच झोंबलं.

पाच मिनिटांचं काम म्हणे! पहिल्याच दिवशी निरांजन लावलं आणि छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलायला लागला. एका हातानं टॉवेल हलवत, दुसऱ्या हातानं देव सांभाळत मी टेबलावर चढलो, आणि ऑफिसची शटल बस माझ्या डोळ्यांदेखत गेली. पुढच्या आठवड्यात कॉम्प्लेक्समधल्या सगळ्यांना ईमेल आला, की कृपया कुंपणावरची फुलं तोडू नका. नाव कुणाचं नव्हतं, पण ती फुलं कोण तोडत होतं हे मला चांगलंच ठाऊक होतं. त्यात रोज व्हिडिओ कॉल. "अरे, गंध कपाळाला लावलंस की नाकाला? फोन जवळ ने जरा." मागून मुलगी तोंड खुपसणार, "काका, डिड यू वॉर्म द मिल्क? ही डझन्ट लाइक इट कोल्ड." मी स्वतः दूध फ्रीजसमोर उभं राहून थेट कार्टनमधून पितो, ते कुणी विचारत नाही.

जुलैत तर कहर झाला. ऑफिसमधल्या एका मुलीशी बोलायला मी कित्येक महिने विषय शोधत होतो. तिनंच एके दिवशी विचारलं, आम्ही काही जण वीकेंडला समुद्रकाठी कॅम्पिंगला चाललोय, येतोस का? घशाशी आलेलं "हो" मी गिळलं आणि म्हणालो, नाही जमणार, शेजाऱ्यांकडचं सांभाळायला घेतलंय. "मांजर?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो? आता भेटली की ती मांजराचा फोटो मागते.

पाच आठवडे झाले, आणि व्हिसाची मुलाखत पुढे ढकलली गेली. नवी तारीख थेट मार्चची. दादा नागपुरात रात्रभर जागून इथलं काम करायला लागले. कंपनीनं तेवढी सवलत दिली होती, पण उन्हाळा संपेपर्यंतच. पुढे नोकरी टिकेल की नाही, हे कुणीच सांगत नव्हतं. आणि नोकरी गेली की इथे परत येणंही गेलं. वर घर तसंच भरलेलं होतं. ओट्यावर कुकर, दारात मुलीची सायकल. मी चावी घेऊन नळ-बिळ बघायला जायचो आणि डोकं फिरून खाली यायचो. मी मनात येईल तेव्हा लंडनला जाऊन येतो. माझ्या पासपोर्टात माझा काय पराक्रम? मला भयंकर राग यायचा, आणि राग काढायला समोर कुणी नाही.

म्हणून मी वहिनींवरच काढायचो. "कधी येताय? मलाही माझं आयुष्य आहे." आधी त्या हसायच्या. मग नुसतं "येतो रे, येतो" म्हणायला लागल्या. मग फोनही कमी झाले, आणि गंधाची चौकशी बंद झाली. इतके दिवस ती कटकट वाटत होती. आता ती नाही म्हणून चिडचिड व्हायला लागली.

शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात, रविवारी सकाळी, देव ताम्हणात असतानाच वहिनींचा फोन आला. व्हिडिओ नाही, नुसता आवाज.

"कंपनीनं नाही म्हटलं," त्या म्हणाल्या. "अपार्टमेंट सोडतोय आम्ही. सामानाचं दादा तुझ्याशी बोलतील."

मी बाळकृष्णावर पाणी घातलं.

"आणि तू आता देवांचं करत बसू नको. तांदळाच्या डब्यात ठेव त्यांना. घर बंद करताना ठेवतात तसं. तांदळात असले की रोजची पूजा नसली तरी चालतं. खूप केलंस रे तू."

उन्हाळाभर मला हेच ऐकायचं होतं. आता मी मोकळा होतो, हवं तिथे जायला.

"माझ्याकडे तांदूळ नाहीत," मी म्हणालो.

"अरे, मग आण ना. सनीव्हेलमध्ये तांदूळ मिळत नाहीत?"

"आणणार नाही." माझा आवाज चढला. "पाच आठवडे म्हणून माझ्या गळ्यात मारून गेलात. आता दादांना दुसरी कंपनी शोधायला सांगा, मार्च लागो नाहीतर पुढचा मार्च, आणि इथे येऊन तुमचे देव तुम्ही घेऊन जा. मी डब्यात-बिब्यात काही ठेवणार नाही."

 पलीकडे वहिनींनी नाक ओढलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग नीट पुसून घे त्यांना. ओले ठेवू नको."