चावतो का, एवढंच विचारलं

बंगलेवाल्याशी मी शेवटचं भांडलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही कान पाहिलेत. स्वभाव विचारलाच नाहीत." बोलला ते खरं होतं, म्हणूनच राग जात नाही. न विचारलेलंही विकणाऱ्याने सांगायचं असतं, असं त्याला सुनावून मी निघून आलो.

कशेळ्यात माझं पेंड-भुशाचं दुकान आहे. दुसऱ्यांची पोती वाहून सुरुवात केली, आज मागे स्वतःचं गोदाम आहे. त्यात घुशींनी उच्छाद मांडला होता. मांजरं त्यांना बिचकायची. कर्जतजवळच्या एका बंगल्यात टेरियर जातीची कुत्री आहेत, ती घुशीला सोडत नाहीत, असं कळलं आणि मी गेलो.

बंगलेवाल्याने इंग्रजीत छापलेला कागद काढला. जातिवंत टेरियर कसा असावा ते त्यात होतं. तो वाचून मराठीत सांगत गेला. पाठ आखूड, सरळ. पुढचे पाय काठीसारखे. शेपूट वर. दोन्ही कान पुढे दुमडलेले. मी गुरांच्या बाजारात भाव करायला शिकलो. तिथे आधी खोड शोधतात, मग किंमत बोलतात. त्याने दाखवलेल्या कुत्र्याचा डावा कान उभाच होता. मी तो कान धरून बसलो. तुमच्याच कागदाप्रमाणे हा माल खोटा आहे, म्हणालो.

त्याने पान उलटलं आणि स्वभावाचं काही सांगू लागला. भाव चढवायला गोष्टी रचतोय, असं मला वाटलं. मी त्याला तोडलं. बाजारात बैलाच्या स्वभावाबद्दल एकच विचारतात, मारका आहे का. मीही तेवढंच विचारलं.

"चावतो का?"

"माणसांना नाही."

मग कोणाला, हे मी विचारलं नाही. सौदा निम्म्यात पटला. घरापर्यंत मी खुशीत होतो.

आठवड्यात गोदाम साफ झालं. घुशीच्या बिळात तो खांद्यापर्यंत शिरायचा, नाकावर ओरखडे घेऊन यायचा आणि पुन्हा शिरायचा. शेजाऱ्याच्या म्हशीपुढेही हटला नाही. बायको म्हणाली, "तुमचंच पोर शोभतंय. मार खाईल, पण मागे सरायचा नाही." मी हसलो. पुढे पुढे गिऱ्हाईक नसलं की तो तराजूच्या पारड्यात येऊन बसायचा आणि मी त्याला उठवायचो नाही. त्या कानाचं मला काही वाटेनासं झालं होतं.

भात कापून झालं होतं. गोदामामागच्या टेकाडावर त्याला साळिंदराचं बीळ सापडलं. मी पोचलो तेव्हा तो आत होता, जमिनीखालून भुंकणं येत होतं. मी हाक मारली. शिव्या दिल्या. पट्ट्याने फोडून काढीन म्हणालो. वरच्या वाडीतला एक म्हातारा माझ्याकडे पोती उतरवायला यायचा. त्याला बिळांची माहिती होती. तोही मागोमाग आला होता. त्याने जमिनीला कान लावला.

"शेट, हाक मारू नका. हाक ऐकून त्यो पुडं पुडं चाललाय."

"दमला की येईल माघारी."

"नाय येनार. त्याचा आवाज ऐका की."

आम्ही खणायला लागलो. माती संपून मुरूम लागला, मग खडक. खडकाला वळसा घालून खणेतो दुपार झाली. मी बिळाच्या तोंडाशी पालथा पडून कधी कुणाशी बोललो नव्हतो असं गोड बोललो. बाळा म्हणालो, राजा म्हणालो. थोडा वेळ भुंकणं थांबलं. आलाच, असं वाटलं. मग पुन्हा सुरू झालं, आणखी आतून. उन्हं कलली तेव्हा ते बंद झालं. म्हातारा पहारीवर हात ठेवून थांबला. मी त्याच्यावर ओरडलो, खण म्हणालो. तो पुन्हा खणू लागला.

कुत्रा सापडला तेव्हा अंग अजून गरम होतं. गळ्यात आणि छातीत काटे घुसले होते. साळिंदर दुसऱ्या तोंडाने केव्हाच निघून गेलं होतं. कुत्र्याचं तोंड आतल्या बाजूला होतं, पंज्यांत ताजी माती होती. मागे यायला वाट मोकळी होती. मी लांब काठी सारून पाहिली, बाहेरपर्यंत.